'न्यूफँगलनेस' : नवतेच्या मोहाचा एक जुना इंग्रजी शब्द

नवतेसाठी इंग्रजीत आज सर्रास वापरले जाणारे शब्द दोनच : 'न्यूनेस' आणि 'नॉव्हेल्टी'. चौदाव्या ते सतराव्या शतकांतील इंग्रजीत या अर्थक्षेत्रात बरीच अधिक वर्दळ होती. 'नॉव्हेलरी' होता, 'नॉव्हिटी' होता आणि या सर्वांहून वेगळ्या घडणीचा 'न्यूफँगलनेस' होता. हा शेवटचा शब्द आता कोशांत 'कालबाह्य' अशी खूण घेऊन बसला आहे. त्याच्या कुळातले 'न्यूफँगल्ड' हे विशेषण मात्र जिवंत असून नव्या यंत्राविषयी, नव्या शिक्षणपद्धतीविषयी किंवा नव्या कवितेविषयी नाक मुरडताना ते आजही वापरले जाते. नाम मेले आणि विशेषण उरले, इतकीच ही गोष्ट असती तर ती कोशकारांपुरती राहिली असती. परंतु उरलेले विशेषण वस्तूला लागते, तर गेलेले नाम माणसाच्या मनाला लागत होते. नवता हा नेमका कोणाचा धर्म, समोर आलेल्या वस्तूचा की तिच्याकडे हात पुढे करणाऱ्याचा, या समीक्षेच्या दृष्टीने कळीच्या प्रश्नाचे एक उत्तर त्या नामात मुरलेले होते. ते उत्तर कसे विसरले गेले हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

शब्दाची घडण प्रथम पाहू. त्याचे मूळ रूप 'न्यूफँगल' असे विशेषणाचे आहे आणि त्याचे तीन अवयव पडतात. पहिला 'न्यू'. त्याचे लॅटिन 'नोवुस', ग्रीक 'नेओस' आणि संस्कृत 'नव' यांच्याशी असलेले नाते सर्वपरिचित आहे. दुसरा अवयव 'फँग'. आज हा शब्द सापाच्या विषारी दाताचा किंवा लांडग्याच्या सुळ्याचा वाचक असला, तरी प्राचीन इंग्रजीत 'फोन' या क्रियापदाचा अर्थ पकडणे, हस्तगत करणे असा होता व 'फँग' म्हणजे पकडलेली वस्तू, लूट. सुळा हा अर्थ बराच नंतरचा. जर्मनमध्ये हेच क्रियापद 'फांगेन' या रूपात आजही नित्य व्यवहारात आहे आणि तुरुंगासाठीचा जर्मन शब्द 'गेफेंगनिस' त्याच्याचपासून निघालेला आहे. या जर्मानिक धातूचा संबंध भाषाशास्त्रज्ञ बांधणे, घट्ट रोवणे या अर्थाच्या ज्या मूळ इंडो-युरोपीय धातूशी जोडतात, त्याच धातूकडे संस्कृत 'पाश' या शब्दाचेही मूळ नेले जाते. ही व्युत्पत्ती मान्य केली तर 'न्यूफँगल'च्या दोन्ही अवयवांचे आप्त मराठी वाचकाच्या घरात आहेत, एक 'नवा' आणि दुसरा 'पाश'.

तिसरा अवयव सर्वांत लहान, पण अर्थदृष्ट्या निर्णायक. शब्दाच्या शेवटचा '-एल' हा प्राचीन इंग्रजीतील '-ओल' या प्रत्ययाचा अवशेष आहे. अमुक करण्याची खोड असलेला, तसे करण्याकडे कल असलेला, असा अर्थ तो देतो. बोलण्याची खोड असलेला तो 'स्प्रेकोल', खादाड तो 'एटोल', विसरण्याची सवय असलेला तो 'फोर्गिटोल'. या शेवटच्या उदाहरणाला मराठीचा 'विसराळू' अगदी चपखल बसतो. हा प्रत्यय पुढे निर्जीव झाला, परंतु त्याचे काही वंशज ओळख हरवून आजच्या इंग्रजीत वावरताना दिसतात. फसवा या अर्थाच्या 'फिकोल'पासून आलेला 'फिकल', म्हणजे चंचल, हा त्यांपैकी एक. झटकन घेणारा या अर्थाच्या 'नुमोल'पासून आलेला 'निंबल', म्हणजे चपळ, हा दुसरा. 'न्यूफँगल' हा या दोघांचा भाऊ. नवे दिसले की त्याला हात घालण्याची ज्याला खोड आहे, तो 'न्यूफँगल'. आणि त्या खोडीचे नाव 'न्यूफँगलनेस'. तेव्हा 'न्यूफँगलनेस'चे भाषांतर 'नवता' असे करणे सैल ठरेल. नवतेची ओढ, नवतेचा हव्यास असेच ते करावे लागेल.

लॅटिनमध्येही या कल्पनेला जवळचा वाक्प्रचार आहे. 'रेस नोवाय', म्हणजे शब्दशः 'नव्या गोष्टी', हा रोमन राजकारणात राज्यक्रांतीचा पर्याय होता आणि 'नव्या गोष्टींचा अभिलाषी' हे विशेषण बंडखोराला लावले जाई. तेथेही आरोप अभिलाषेवर आहे. मात्र ती अभिलाषा सत्तेची आहे. इंग्रजी शब्दाचा आरंभीचा संसार राजकारणात नव्हता, प्रेमकवितेत होता.

जेफ्री चॉसरच्या कवितेत हा शब्द अनेकदा येतो आणि त्याच्या अर्थाचे सर्व पदर तेथे उलगडलेले दिसतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे 'कँटरबरी टेल्स'मधील 'स्क्वायर्स टेल' ही अपुरी राहिलेली कथा. तिच्या पहिल्या भागात तार्तर राजाच्या दरबारात अरबस्तान व हिंदुस्थानच्या राजाकडून आलेला एक योद्धा चार अद्भुत भेटी घेऊन येतो. पितळेचा उडता घोडा, आरसा, अंगठी आणि तलवार. घोड्याभोवती गर्दी जमते, प्रत्येकजण आपापले तर्क लढवतो. कोणाला पंख असलेला पेगासस आठवतो, कोणाला ट्रॉयचा लाकडी घोडा. कळ फिरवताच उडणारा हा धातूचा घोडा म्हणजे आजच्या अर्थाने 'न्यूफँगल्ड' वस्तूचा आदर्श नमुनाच म्हणायला हवा. चॉसर मात्र तेथे हा शब्द वापरत नाही. गर्दीही ती नवी वस्तू जुन्या कथांच्या खुंटीला अडकवूनच समजून घेते.

शब्द येतो तो दुसऱ्या भागात. जादूच्या अंगठीमुळे पक्ष्यांची भाषा समजणाऱ्या राजकन्या कॅनसीला एक घायाळ बहिरी ससाणी आपली कर्मकथा सांगते. तिचा प्रियकर तिला सोडून एका घारीच्या नादी लागला. पुरुषांना स्वभावतःच 'न्यूफँगलनेस' आवडते, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसारखी, असे ती म्हणते आणि मग दृष्टांत विस्ताराने मांडते. पिंजऱ्यात रेशमासारखे मऊ गवत अंथरा, साखर, मध, भाकरी, दूध द्या. दार उघडताच पक्षी ती वाटी लाथाडून रानात जाईल आणि किडे खाईल.

हा दृष्टांत चॉसरचा स्वतःचा नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने कारागृहात लिहिलेल्या 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील एका पद्यातून तो आला आहे. हा ग्रंथ चॉसरने स्वतः इंग्रजीत अनुवादिला होता, त्यामुळे मूळ संदर्भ त्याला ठाऊक नसण्याचा प्रश्नच नाही. आणि त्या मूळ संदर्भात पक्ष्याचे रानात परत जाणे हे प्रत्येक वस्तू आपल्या मूळ स्वभावाकडे परतते याचे उदाहरण आहे. पाळलेला सिंह रक्ताची चव लागताच पुन्हा सिंह होतो, वाकवलेले रोप सोडताच सरळ होते, मावळलेला सूर्य पुन्हा उगवतीकडे येतो, तसा पक्षी रानाकडे जातो. बोएथियसच्या लेखी ही पुराण्याकडची ओढ आहे. चॉसरची ससाणी त्याच ओढीला नवतेचा हव्यास म्हणते. पक्ष्याला रान नवे नाही, ते त्याचे जन्मस्थान आहे. नवा असलाच तर पिंजरा नवा. दृष्टांत तिने पूर्णपणे उलटा केला आहे.

यावर चॉसरची गफलत झाली, असे म्हणून पुढे जाता येते आणि काही अभ्यासकांना ही जागा विसंगत वाटते हेही खरे. पण ही विसंगतीच येथे अर्थ निर्माण करते. सोडून गेलेल्याच्या दृष्टीने तो आपल्या स्वभावाकडे परतला. सोडलेलीच्या दृष्टीने तो नव्याच्या मागे लागला. 'न्यूफँगलनेस' हा शब्द ज्याच्या तोंडी येतो तो नेहमी मागे राहिलेला असतो. 'मॅन्सिपल्स टेल'मध्ये हाच पक्षी पुन्हा येतो, सोबत दूध सोडून उंदरामागे धावणारी मांजर येते आणि मानवी देहालाच 'न्यूफँगल' म्हटले जाते. निवेदक आग्रहाने बजावतो की ही उदाहरणे पुरुषांविषयी आहेत, स्त्रियांविषयी नाहीत. प्रत्यक्षात कथा चालली आहे ती पत्नीच्या व्यभिचाराची. चॉसरच्या नावावर मोडणाऱ्या, पण कर्तृत्व संशयित असलेल्या एका गीतात तर हाच आरोप एका स्त्रीवर थेट केला आहे. शब्द एकच, तो कधी पुरुषावर, कधी स्त्रीवर, कधी अवघ्या देहस्वभावावर येऊन पडतो. वस्तूवर मात्र कधीच नाही.

सर टॉमस वायटच्या (मृत्यू १५४२) ज्या प्रसिद्ध कवितेत पूर्वी हातून भाकरी खाणारे जीव आता रानटी होऊन पळतात, तिच्यात 'न्यूफँगलनेस' शेवटच्या कडव्यात येतो. चॉसरशी तिचे नाते केवळ या शब्दाचे नाही, पाळीव आणि रानटी या संपूर्ण प्रतिमाव्यूहाचे आहे. येथे कवीला तिच्याकडून जाण्याची परवानगी मिळाली आहे आणि तिनेही नवतेची हौस पुरवायला मोकळीक घेतली आहे, असा दरबारी सौजन्याचा उपरोध कवी साधतो. त्यानंतर लगेच आपल्याला किती 'काइंडली' वागवले गेले, असे तो म्हणतो. त्या काळच्या इंग्रजीत 'काइंड' म्हणजे निसर्ग, स्वभावधर्म. चॉसरच्या ससाणीनेही नवतेची ओढ पुरुषांच्या 'काइंड'मध्येच असल्याचे सांगितले होते. म्हणजे वायटच्या ओळीत 'ममतेने' आणि 'तिच्या स्वभावानुसार' असे दोन्ही अर्थ वाजतात. एगर्टन हस्तलिखितात असलेला हा श्लेष १५५७ साली रिचर्ड टॉटेलने काढलेल्या संग्रहात नाहीसा झाला, कारण छापताना तेथे 'अनकाइंडली' केले गेले. 'न्यूफँगलनेस' तसाच राहिला. आता तो निसर्गाशी संवाद करणारा शब्द उरला नाही, निव्वळ तक्रारीचा शब्द झाला. एका उपसर्गाने किती हानी होते याचे हे उदाहरण पाठचिकित्सेच्या वर्गात आवर्जून दाखवावे असे आहे.

वायटच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी हा शब्द प्रेमाच्या दालनातून थेट चर्चमध्ये आलेला दिसतो. १५४९ साली इंग्लंडमध्ये लॅटिन उपासनेच्या जागी इंग्रजी 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' सक्तीचे झाले. त्यातील विधींविषयीच्या टिपणात, जे सामान्यतः आर्चबिशप क्रॅनमरचे मानले जाते, दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख आहे. काही जुन्या रीतींना इतके चिकटलेले की एक विधी सोडणे त्यांना महापाप वाटते. काही इतके 'न्यूफँगल्ड' की त्यांना सगळेच बदलायचे आहे आणि नव्याखेरीज काही रुचत नाही. बदलासाठी तेथे 'इनोव्हेट' हेच क्रियापद येते. ते त्या काळी गौरवाचे मुळीच नव्हते. आदल्याच वर्षी, १५४८ मध्ये, स्वतःच्या अधिकारात धर्मविधी बदलणाऱ्यांविरुद्ध जी राजाज्ञा निघाली तिच्या मथळ्यातच हा शब्द गुन्ह्याचे नाव म्हणून आला आहे. पुढे १६२५ च्या निबंधसंग्रहात फ्रान्सिस बेकनने 'इनोव्हेशन'वर स्वतंत्र निबंध लिहून काळ हाच सर्वांत मोठा नवप्रवर्तक असल्याचे म्हटले, तेव्हाही काळासारखे हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता बदलावे, असाच त्याचा सल्ला होता.

क्रॅनमरच्या टिपणातील 'न्यूफँगल्ड' अजून माणसांनाच लागतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण परिस्थिती विलक्षण होती. नवतेच्या हव्यासाचा निषेध करणारे हे पुस्तक स्वतःच त्या वर्षीची सर्वांत मोठी नवी वस्तू होते. नऊ जून १५४९ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, ते अमलात आले आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टने या गावी लोकांनी धर्मगुरूला जुनीच उपासना करायला लावली. तेथून भडकलेल्या बंडात डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील हजारो माणसे मेली. बंडखोरांनी आपल्या मागण्यांत नव्या उपासनेला नाताळच्या खेळाची उपमा दिली. सुधारकांचा दावा अर्थातच उलट होता. त्यांच्या मते पोपचे विधी हीच नंतरची भर, आणि आपण मूळ चर्चकडे परत चाललो आहोत. बोएथियसचा पक्षी आणि चॉसरचा पक्षी येथे धर्मकारणात समोरासमोर उभे ठाकले, असे म्हणता येईल.

अशा वादात 'तुझे मन चंचल आहे' या आरोपाने भागत नाही. समोरचा शपथेवर सांगतो की माझे मन चंचल नाही, मी तर मुळाकडे निघालो आहे. मग 'तुझी वस्तू नवी आहे' हे सिद्ध करावे लागते. विधी नवा, शिकवण नवी, झगा नवा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्दाचा रोख माणसाकडून वस्तूकडे वळण्यास हा वादव्यवहार बराच कारणीभूत झाला असावा. व्याकरणानेही हातभार लावला. 'फँग' हे क्रियापद साहित्यिक इंग्रजीतून मागे पडले होते. त्याची जागा नॉर्स मूळच्या 'टेक'ने आणि फ्रेंचमधून आलेल्या 'कॅच', 'सीझ' यांनी घेतली होती. '-एल' प्रत्यय तर केव्हाच मेला होता. त्यामुळे 'फँगल' हा तुकडा अपारदर्शक झाला. त्याला '-एड' जोडला गेल्यावर तो 'फॅशन्ड'सारखा, म्हणजे घडवलेला या अर्थाचा, वाटू लागला. नवे पकडणारा तो नव्याने घडवलेला झाला. कर्ता होता त्याचे कर्म झाले. इतकेच नव्हे, तर उलट्या वाटेने 'फँगल' हे स्वतंत्र नामही निर्माण झाले, क्षुल्लक नवी टूम या अर्थाचे, ज्याला पूर्वी कधीच अस्तित्व नव्हते.

शेक्सपिअरमध्ये हे संक्रमण उघड्यावर चाललेले दिसते. 'ॲज यू लाइक इट'मध्ये रोझलिंड स्वतःविषयी वानराहून अधिक 'न्यूफँगल्ड' होईन असे म्हणते, तो जुना अर्थ. एक्क्याण्णवाव्या सुनीतात कपडे 'न्यूफँगल्ड' आहेत, तो नवा अर्थ. आणि 'सिंबेलिन'मध्ये तर 'न्यू' गळून नुसते 'फँगल्ड' जग उरते. १७५५ च्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने 'फँगल'ला मूर्ख, क्षुल्लक खटाटोप असा अर्थ देऊन हा शब्द 'न्यू'च्या सोबतीने, तुच्छतेखेरीज सहसा येत नाही, अशी नोंद केली आहे.

याच सुमारास आणखी एक शब्द हरवला. टॉमस ब्राउनने १६४६ च्या आपल्या ग्रंथात, सर्पाला बोलताना ऐकून ईव्ह घाबरली कशी नाही याचा विचार करताना, ती सृष्टीच्या 'नॉव्हिटी'त होती, कशाचाच अनुभव तिला नव्हता, असे एक कारण दिले आहे. सगळेच नवे असल्यामुळे जिथे काहीच नवलाचे नाही, अशी ही नवता. तिच्यात हव्यास नाही, दोषही नाही. 'नॉव्हिटी' निर्दोष नवतेचा शब्द होता आणि 'न्यूफँगलनेस' सदोष ओढीचा. दोन्ही गेल्यावर मधल्या सपाट जागेत 'नॉव्हेल्टी' एकटी उरली. जोसेफ ॲडिसनने १७१२ साली 'स्पेक्टेटर'मधून कल्पनेच्या सुखांची मीमांसा करताना भव्य आणि सुंदर यांच्या पंक्तीला अपूर्वालाही बसवले आणि नवता हा वस्तूचा सौंदर्यधर्म म्हणून सौंदर्यशास्त्रात रुजू झाला. बर्कने १७५७ च्या ग्रंथाचा आरंभच नवतेपासून केला; पण कुतूहल ही मनाची सर्वांत उथळ वृत्ती आहे, असे सांगून तो तिला चटकन मागे टाकतो. जुन्या शब्दाची सावली त्या घाईत जाणवते.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी सोडवला होता, हे मराठी अभ्यासकाला येथे आठवल्याखेरीज राहत नाही. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धन म्हणतो की रसाच्या परिग्रहाने पूर्वी पाहिलेले विषयही वसंतातल्या वृक्षांसारखे नवे भासतात. झाड तेच. येथे नवता विषयात नाही आणि वाचकाच्या हव्यासातही नाही, ती कवीच्या प्रतिभाव्यापारात आहे. मराठी बोलीने मात्र तिला काळात टाकले : नव्याचे नऊ दिवस. 'नव' आणि 'नऊ' यांचा नाद येथे म्हणीला उचलून धरतो. इंग्रजीत असा नाद नसताही नवलाची मुदत नऊच आहे, आणि चॉसरच्याच 'ट्रॉयलस अँड क्रिसेड'मध्ये कोणतेही नवल गावात नऊ रात्रींपलीकडे टिकत नाही, असे पँडरस म्हणतो. 'नव्याचे नऊ दिवस' म्हणताना मराठी माणूस वस्तूची कीव करतो, ती आणणाऱ्याला क्वचितच बोल लावतो. नवकाव्य, नवकथा या संज्ञांभोवतीच्या वादांतही 'नव' कृतीला चिकटवलेला राहिला. ते नवे कोणाला हवे होते, आणि कोणाला सोडून ते हवे होते, ही चॉसरच्या ससाणीची चौकशी तेथे फारशी झाली नाही. 'न्यूफँगलनेस'ला मराठीत एकशब्दी प्रतिशब्द सापडत नाही, याचे कारण कदाचित कोशात नसून या सवयीत आहे.

इंग्रजीत पुढे 'न्यूफँगल्ड'च्या धर्तीवर 'ओल्डफँगल्ड' असा शब्द तयार झाला. जुन्या घडणीचे, जुन्या वळणाचे, असा त्याचा अर्थ. 'फँगल' म्हणजे पकडू पाहणारा, याची आठवण पूर्ण पुसली गेल्यावरच असा शब्द घडू शकतो. व्युत्पत्तीच्या काटेकोर अर्थाने तो शब्द जुन्याला हात घालण्याची खोड असलेल्यालाच लागेल. म्हणजे दुधाची वाटी लाथाडून आपल्या रानात परतणाऱ्या त्या पक्ष्याला.